त्या ॲशच्या झाडापाशी : एका इंग्रजी आडनावाची गोष्ट



आडनावांची गंमत पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त कळते, कारण आपल्यातल्या बहुतेकींनी दोन आडनावं वापरलेली असतात. एक जन्माबरोबर आलं, दुसरं लग्नाबरोबर आलं, आणि दोन्ही वेळा आपल्याला कोणी विचारलं नाही. पण आडनाव मुळात येतं कुठून, पहिल्यांदा ते कोण कोणाला देतं, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. आज एका इंग्रजी आडनावाच्या निमित्ताने तो प्रश्न घेऊ या. आडनाव आहे नॅश.

हे नाव तुमच्या कानावरून गेलेलं असणार. अमेरिकेत नॅशव्हिल नावाचं मोठं शहर आहे. कॉमर्स किंवा एमबीए शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकात 'नॅश समतोल' येतो. लंडनला सहलीला जाणारे ज्या मार्बल आर्चपुढे उभं राहून फोटो काढतात, ती कमान जॉन नॅश या वास्तुकाराने आखलेली. इतकं मिरवणारं नाव, तेव्हा अर्थही तसाच भारदस्त असेल, कुठल्या राजाने दिलेला किताब असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात अर्थ इतकाच : 'त्या ॲशच्या झाडापाशी'. म्हणजे हे नाव नव्हतंच मुळी, पत्ता होता!

आधी या झाडाची ओळख करून घेऊ. ॲश म्हटलं की आपल्याला राख आठवते. आजच्या इंग्रजीत राख आणि हे झाड यांचे शब्द सारखे आहेत, पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द होते, पुढे बोलण्यात घासून घासून एक झाले. राखेचा या झाडाशी संबंध नाही. हे उंच वाढणारं, शंभर फुटांपर्यंत सहज जाणारं झाड. एका देठावर समोरासमोर पानांच्या जोड्या आणि टोकाला एक पान, त्यामुळे लांबून आपल्याला कडुनिंबाची आठवण व्हावी. कळ्या मात्र काळ्याभोर, मखमली. वसंतात बाकीची झाडं हिरवी झाली तरी हे आळसावलेलं असतं, सगळ्यांच्या मागून याला पालवी फुटते. आणि एक गोष्ट वाचून मला फार आनंद झाला. वनस्पतिशास्त्राप्रमाणे हे झाड ऑलिव्हच्या कुळातलं, आणि आपला मोगरा, जाई, जुई, पारिजातक हेही त्याच कुळातले. म्हणजे आपल्या परसातल्या पारिजातकाचा हा विलायतेतला धिप्पाड भाऊबंद.

जुन्या इंग्लंडमध्ये हे झाड घराघरात कामाला येत असे. याचं लाकूड चिवट आणि लवचिक, दणका बसला तरी तुटत नाही. म्हणून कुऱ्हाडीचे, फावड्याचे दांडे याचे, गाडीच्या चाकाचे भाग याचे, आणि त्याआधीच्या काळात भाल्यांच्या काठ्याही याच्याच. इतक्या की जुन्या इंग्रजी कवितेत भाल्यालाच 'ॲश' म्हणत. क्रिकेटची बॅट विलोच्या लाकडाची असते हे आपल्याला मुलांमुळे माहीत असतं, पण स्टंप परंपरेने ॲशचे असतात. चुलीसाठी तर हे लाकूड बायकांचं लाडकं असणार, कारण ओलं असतानाही ते बऱ्यापैकी पेटतं. धुराने डोळे चोळत ज्यांनी चुलीवर स्वयंपाक केला आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

शिवाय हे झाड बुंध्याशी कापलं तरी मरत नाही. कापलेल्या खोडातून नवे धुमारे फुटतात, काही वर्षांत सरळ काठ्या तयार होतात, त्या कापायच्या, पुन्हा धुमारे येतात. असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि उलट त्यामुळे झाडाचं आयुष्य वाढतं. सफोक परगण्यात ब्रॅडफील्ड नावाचं वन आहे. तिथला ॲशचा एक बुंधा अशा कापणीमुळे हजार वर्षांचा झाला असावा असं मानतात. तसं असेल तर आपण ज्या काळाबद्दल बोलणार आहोत, त्या काळाच्याही आधीपासून तो जिवंत आहे.

लोकांची या झाडावर श्रद्धाही होती. गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक धर्मगुरू सेल्बोर्न या खेड्यात राहत आणि आजूबाजूच्या पशुपक्ष्यांच्या, झाडांच्या नोंदी ठेवत. त्यांचं पुस्तक १७८९ साली निघालं. त्यात त्यांनी लिहून ठेवलं आहे की गावात ॲशच्या झाडांची एक रांग होती आणि त्यांच्या खोडांवर लांब जुने व्रण होते. अंतर्गळ झालेल्या लहान मुलाला बरं करण्यासाठी कोवळं झाड उभं चिरत, मुलाला कपडे काढून त्या फटीतून पलीकडे नेत, आणि मग झाडाला माती लिंपून घट्ट बांधत. झाडाची जखम भरली की मूलही बरं होणार, असा समज. आज आपण याला अंधश्रद्धा म्हणू. पण जवळ डॉक्टर नाही, मूल कळवळून रडतंय, अशा वेळी कुठली आई झाडापाशी जाणार नाही? त्याच पुस्तकात दुसराही प्रकार आहे. झाडाला भोक पाडून त्यात जिवंत चिचुंद्री कोंडत, म्हणजे त्या झाडाची डहाळी गुरांच्या दुखण्यावर लागू पडते म्हणे. हे वाचून मात्र अंगावर काटा येतो. आपल्या वेदनेसाठी दुसऱ्या जिवाला वेदना, हे कुठल्याच श्रद्धेत बसू नये.

आता हे झाड माणसाच्या नावात कसं शिरलं ते पाहू.

इ. स. १०६६ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे नॉर्मन लोक इंग्लंडवर चालून आले आणि राज्यकर्ते झाले. त्यापूर्वी सामान्य इंग्रज माणसाला एकच नाव असे, आडनाव नव्हतं. जुनी इंग्रजी नावं तऱ्हेतऱ्हेची होती, त्यामुळे गोंधळ कमी होई. नॉर्मन आल्यावर त्यांची नावं लोकांनी उचलली आणि दीड-दोनशे वर्षांत सगळीकडे विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, टॉमस आणि जिकडे तिकडे जॉन! बायकांतही तेच : ॲलिस, ॲग्नेस, जोन, मटिल्डा, मार्गारेट. एका खेड्यात सात जॉन असले तर हाक मारायची कशी? मग शेजारीपाजारी आपोआप खूण जोडू लागले. कोणता जॉन? लोहारकाम करतो तो, म्हणून स्मिथ. विल्यमचा मुलगा, म्हणून विल्यमसन. तांबूस केसांचा, म्हणून रीड. आणि टेकडीवर राहतो तो, म्हणून हिल.

इंग्रजी आडनावांचे हेच चार मोठे प्रकार : बापाच्या नावावरून, धंद्यावरून, रूपगुणावरून आणि जागेवरून. जागेच्या नावांत पुन्हा दोन पोटभेद. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की नवे शेजारी त्याला जुन्या गावाच्या नावाने ओळखत. पण जो गावातच राही, त्याला गावाचं नाव देऊन काय उपयोग? तिथले सगळेच त्या गावचे. त्याला त्याच्या घराजवळची खूण देत. ओढ्याच्या उतारावरचा तो फोर्ड, छोट्या राईशेजारचा तो शॉ, माळावरचा तो हीथ, डोंगराच्या पायथ्याचा तो अंडरहिल. हिल, फोर्ड, वुड, वेल्स, ब्रुक ही नावं आज जगभर दिसतात ती अशी. त्या काळी रस्त्यांना पाट्या नव्हत्या, घरांना नंबर नव्हते. आपल्या खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहितात, तशी तिकडच्या जुन्या जमिनीच्या दस्तऐवजांतही हद्द सांगताना अमुक ओढा, तमुक काटेरी झाड, पुढे तो जुना ॲश, अशा खुणा लिहिलेल्या सापडतात. एकटं उठून दिसणारं झाड म्हणजे सर्वांच्या ओळखीची खूण. त्याच्याजवळ राहणारा जॉन, तो 'ॲशपाशी'चा जॉन.

मग त्याचं नाव 'ॲश' व्हायला हवं होतं. ते झालंही, इंग्रजीत ॲश हे आडनाव आहेच. पण नॅशमधला 'न' कुठून आला? ही गोष्ट मराठी बोलणाऱ्याला इंग्रजांपेक्षाही लवकर समजेल.

आपण 'ते झाड' म्हणतो, पण 'ते झाडापाशी' म्हणत नाही, 'त्या झाडापाशी' म्हणतो. 'ते'चं 'त्या' होतं. आजच्या इंग्रजीत असं काही होत नाही, 'द' शब्द कुठेही 'द'च राहतो. पण जुन्या इंग्रजीला आपल्यासारख्या विभक्ती होत्या आणि आपल्यासारखीच तीन लिंगंही होती. 'ॲट' म्हणजे 'पाशी', आणि त्याच्यापुढे 'द'चं रूप बदलून 'देन' होई. 'ॲट देन ॲश', म्हणजे 'त्या ॲशपाशी'. बोलता बोलता 'ॲट देन'चं 'ॲटन' झालं. जॉन ॲटन ॲश. आता हे तीन-चार वेळा भरभर म्हणून बघा. 'ॲटन ॲश', 'ॲट नॅश'. 'न' पहिल्या शब्दाच्या शेवटून निसटून दुसऱ्याच्या कुशीत जाऊन बसतो. पुढे 'ॲट' गळून पडलं, विभक्ती तर भाषेतूनच गेल्या, आणि उरलं नॅश. म्हणजे या नावातला 'न' हा मेलेल्या व्याकरणाचा एक तुकडा आहे. इंग्रज माणसाला आज आपल्या भाषेत कधीकाळी 'त्या'सारखं रूप होतं हे शाळेत शिकवावं लागतं, आणि नॅश कुटुंबं ते रोज सहीत लिहीत असतात.

अशी नावं आणखीही आहेत. ओकच्या झाडांपाशी राहणारे ते नोक्स, एल्मच्या झाडांपाशी राहणारे ते नेल्म्स. आणि जिथे नाम स्त्रीलिंगी, तिथे 'ॲटन'ऐवजी 'ॲटर' होई, म्हणून 'न'च्या जागी 'र' चिकटला. जुन्या इंग्रजीत बेट हा शब्द स्त्रीलिंगी. दक्षिण किनाऱ्यावरच्या राय या टुमदार गावाचं नाव 'त्या बेटापाशी' यातूनच आलं. शब्दाचं लिंग शेकडो वर्षांपूर्वी भाषेतून गेलं, पण गावाच्या नावात राहिलं.

अक्षरांची ही पळवापळवी फक्त नावांत झाली असं नाही. स्वयंपाकघरातला 'एप्रन' पूर्वी 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता 'ॲन एप्रन' झालं आणि त्याचा 'न' हरवला. उलट टोपणनावासाठी जो 'निकनेम' शब्द आहे, तो मुळात 'ॲन ईकनेम', म्हणजे जोडीचं नाव. तिथे 'न' आयता मिळाला. आणि सगळ्यात मजेचं म्हणजे आपलं नारिंग! नारिंग हा शब्द भारतातून फारसीत गेला, तिथून अरबीत, मग युरोपात. इटली-फ्रान्सकडच्या भाषांत 'एक' या अर्थाचा जो शब्द आधी येई, त्यात 'न' होता, त्याने नारिंगाचा 'न' गिळला आणि पुढे इंग्रजीत ऑरेंज आलं. नारिंगाने 'न' गमावला, नॅशने कमावला. जमा-नावे सारखी झाली म्हणायची!

इथपर्यंत ही नावं शेजाऱ्यांच्या तोंडी होती. माणूस घर बदलून नदीकाठी गेला की त्याचं नावही बदलू शकत होतं, आणि बाप ॲशपाशी राहणारा असला तरी मुलगा गिरणी चालवू लागला की तो मिलर होई. हे नाव पिढ्यान्‌पिढ्यांचं झालं ते कशामुळे? मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे उत्तर वाचून मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. जमिनीची वारसनोंद आणि कर! नाव एकदा वहीत चढलं की ते सहज बदलत नाही. आधी जमीनदार घराण्यांत वंशपरंपरागत आडनाव आलं, मग दक्षिण इंग्लंडमधल्या सामान्य लोकांत, आणि साधारण १४०० सालापर्यंत बहुतेक इंग्रजांना बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव मिळालेलं होतं.

या काळातल्या करवसुलीची एक हकिगत आपण बायकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. फ्रान्सशी युद्ध चालू होतं, तिजोरी रिकामी होती, म्हणून सरकारने १३७७ मध्ये डोईपट्टी बसवली. चौदा वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषामागे चार पेनी. भिकारी तेवढे सुटले. पुढच्या दोन वर्षांत दुसरी पट्टी आली आणि १३८१ मध्ये तिसरी, ती एकदम तिप्पट, डोईमागे बारा पेनी. पहिल्या पट्टीच्या याद्यांत साडेतेरा लाखांवर माणसं होती. तिसऱ्या पट्टीच्या याद्यांत ती नऊ लाखांच्याही आत आली. चार वर्षांत साडेचार लाख माणसं गेली कुठे? मेली नव्हती, लपवली होती. आणि इतिहासकारांनी याद्या तपासल्या तेव्हा दिसलं की लपवलेल्यांत अविवाहित आणि घरात राहणाऱ्या बायका फार होत्या. मुली, बहिणी, विधवा आया, यांची नावंच दिली नाहीत. विवाहितांची तऱ्हा वेगळी. पुष्कळ ठिकाणी कारकुनाने पुरुषाचं नाव लिहून पुढे फक्त 'आणि त्याची बायको' एवढंच लिहिलेलं आहे. ज्या याद्यांनी इंग्रजांची आडनावं पक्की केली, त्याच याद्यांत बायका अशा अर्ध्या पुसलेल्या दिसतात. त्या तिसऱ्या पट्टीवरून १३८१ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. त्याचा पुढारी वॉट टायलर, म्हणजे धंद्याने कौलं घालणारा. त्याचंही आडनाव कामावरूनच आलेलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आज जगात जितके नॅश आहेत ते सगळे एका मूळ पुरुषाचे वंशज असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये ॲशची झाडं ठायी ठायी होती, प्रत्येक गावाने आपापल्या झाडापाशी राहणाऱ्याला हे नाव दिलं. शिवाय बकिंगहॅमशर, श्रॉपशर अशा परगण्यांत नॅश नावाची छोटी गावंच आहेत, त्यांचंही नाव अशाच झाडावरून पडलेलं, आणि तिथून बाहेर पडलेल्यांनाही नॅश म्हटलं गेलं. म्हणजे दोन नॅश भेटले तर ते एका रक्ताचे असतीलच असं नाही. दोघांच्या पूर्वजांच्या दारात एकाच जातीचं झाड होतं, एवढंच खात्रीने सांगता येतं. कुळाचा अभिमान बाळगायचाच तर तो झाडाच्या कुळाचा बाळगावा लागेल!

आता हे नाव पुढे कोणाकोणाकडे गेलं ते बघू. शेक्सपिअरचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट १५९६ मध्ये अकराव्या वर्षी वारला. राहिल्या दोन मुली. थोरली सुझाना हिने डॉक्टर जॉन हॉल यांच्याशी लग्न केलं आणि तिला १६०८ मध्ये एकच मुलगी झाली, एलिझाबेथ हॉल. या नातीने १६२६ मध्ये टॉमस नॅश याच्याशी लग्न केलं आणि ती एलिझाबेथ नॅश झाली. १६४७ मध्ये टॉमस वारला. १६४९ मध्ये तिने जॉन बर्नार्ड यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि ती एलिझाबेथ बर्नार्ड म्हणून १६७० मध्ये वारली. तिला मूल नव्हतं. शेक्सपिअरचा थेट वंश तिच्यापाशी संपला. पण तिच्या नावात शेक्सपिअर कधीच नव्हतं. तीन आडनावं घेतली, त्यातलं एकही तिच्या जगप्रसिद्ध आजोबांचं नाही. स्ट्रॅटफर्ड गावात आजोबांच्या घराच्या जागेशेजारी एक जुनं घर आजही लोक बघायला जातात, त्याला 'नॅशचं घर' म्हणतात. नाव तिच्या पहिल्या नवऱ्याचं, म्हणजे शेवटी कुठल्याशा झाडाचं.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्न झालं की बाईचं नावच नव्हे, तिचे पैसे, दागिने, मिळकत, सगळ्यावर कायद्याने नवऱ्याचा हक्क होई. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी विवाहित स्त्रीची मिळकत तिची स्वतःची झाली. नाव बदलण्याची सक्ती कुठल्या कायद्याने केलेली नव्हती, ती रूढी होती. कायदा बदलला, रूढी मागे रेंगाळली. हा अनुभव आपल्यालाही अनोळखी नाही.

पुढचा नॅश आपल्या देशाशी जोडलेला आहे. वास्तुकार जॉन नॅश, जन्म १७५२, मृत्यू १८३५. लंडनचा रीजंट स्ट्रीट त्याने आखला आणि बकिंगहॅम हाउसचा राजवाडा करण्याचं कामही त्याच्याकडे होतं. खर्च अंदाजपत्रकाच्या फार पुढे गेला, राजा चौथा जॉर्ज १८३० मध्ये वारला आणि नॅशला कामावरून काढलं. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्याने याच जॉर्जसाठी रॉयल पॅव्हिलियन बांधला. त्याचे घुमट आणि जाळ्या चक्क हिंदुस्थानी धर्तीच्या, नॅश मात्र कधी हिंदुस्थानात आला नव्हता. शंभर वर्षांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी सैनिक याच इमारतीत उपचारांसाठी आणले गेले. १९१४ च्या अखेरीपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत तिथे त्यांचं रुग्णालय होतं. सैनिकांच्या धर्माप्रमाणे वेगवेगळी स्वयंपाकघरं होती, पिण्याच्या पाण्याचे नळ वेगळे होते. जे हिंदू आणि शीख जवान तिथे वारले, त्यांचं दहन जवळच्या टेकड्यांवर केलं. त्या जागी संगमरवरी छत्री उभी आहे, तिचं उद्‌घाटन १९२१ मध्ये झालं. एका इंग्रजाने ऐकीव हिंदुस्थान बांधला आणि खऱ्या हिंदुस्थानातली लेकरं त्याच्या छपराखाली येऊन पडली.

नॅशव्हिलची कथा थोडक्यात सांगते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सिस नॅश नावाचा सेनापती १७७७ मध्ये लढाईत जखमी होऊन वारला. दोन वर्षांनी वसवलेल्या नव्या वस्तीला त्याच्या आठवणीने नॅशबरो म्हटलं. 'बरो' हे अगदी इंग्रजी शेपूट. इंग्रजांशी वैर आणि फ्रेंचांशी मैत्री, म्हणून १७८४ मध्ये ते कापून फ्रेंच पद्धतीचं 'व्हिल' जोडलं. तेव्हा या महानगराचा शब्दशः अर्थ काय, तर 'त्या ॲशपाशीचं गाव'!

आणि शेवटी गणिती जॉन नॅश आणि त्यांची पत्नी अलिशिया. जॉन यांनी १९५० मध्ये समतोलाचा सिद्धांत मांडला. प्रत्येकाने दुसऱ्याची चाल लक्षात घेऊन आपली चाल ठरवली आणि एकट्याने ती बदलून कोणाचाच फायदा होत नसेल, तर तो समतोल. अर्थशास्त्रात त्याचा मोठा उपयोग झाला आणि १९९४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मधली कितीतरी वर्षं मात्र ते गंभीर मानसिक आजारात होते. अलिशिया मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये जन्मलेली, भौतिकशास्त्र शिकलेली. १९५७ मध्ये लग्न, १९६३ मध्ये घटस्फोट. पण १९७० मध्ये तिने त्यांना पुन्हा आपल्या घरी आसरा दिला आणि सांभाळलं. २००१ मध्ये दोघांनी पुन्हा लग्न केलं. २०१५ मध्ये नॉर्वेहून आबेल पारितोषिक घेऊन परतताना मोटार अपघातात दोघंही एकत्र गेले. समतोलाला नाव जॉनचं आहे. घरातला समतोल कोणी राखला, ते सांगायची गरज नाही.

नॅश हे नाव आज सुखरूप आहे. ज्या झाडाने ते दिलं, ते मात्र संकटात आहे. पूर्व आशियातल्या ॲशच्या जातींबरोबर राहणारी एक बुरशी युरोपात आली. १९९२ मध्ये पोलंडमध्ये झाडं वाळू लागल्याचं लक्षात आलं, २०१२ मध्ये हा रोग ब्रिटनमध्ये सापडला. त्या वर्षी सरकारने ॲशची रोपं बाहेरून आणायला बंदी केली, पण बीजाणू वाऱ्याबरोबर येतात, त्यांना बंदी कोण घालणार? आधी पानं काळवंडतात, मग शेंड्याकडून फांद्या वाळत खाली येतात. ब्रिटनमधली दहापैकी आठ ॲशची झाडं यात जातील असा अंदाज सांगितला जातो. वाळलेल्या फांद्या पडून अपघात होतात, म्हणून रस्त्याकडेची झाडं कापली जात आहेत. आशेची गोष्ट एवढीच की काही झाडं उपजत चिवट आहेत, रोग झाला तरी तग धरतात. त्यांचं बी गोळा करणं, त्यांची रोपं वाढवणं, हे काम तिकडे चालू आहे.

ओकपाशीचा नोक्स, एल्मपाशीचा नेल्म्स असं वर म्हटलं. त्यातला एल्म विसाव्या शतकातच अशा दुसऱ्या एका बुरशीने गेला, १९७० च्या सुमाराला सुरू झालेल्या साथीत ब्रिटनमधली कोट्यवधी झाडं मेली. नेल्म्स आडनावाची माणसं आहेत, त्यांच्या नावातला मोठा वृक्ष मात्र गावात सहज बघायला मिळत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत नॅश मुलांचंही तसंच होईल का, हे त्या जपलेल्या रोपांवर अवलंबून आहे.

सातशे वर्षांपूर्वी जॉनला किंवा ॲलिसला शेजाऱ्यांनी जे नाव दिलं, ते त्यांच्या पराक्रमासाठी दिलं नव्हतं. त्यांच्या दारात एक झाड होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं, बस. त्यांच्या मागे घर राहिलं नाही, शेत राहिलं नाही, ॲलिसचं तर यादीतही नाव लागलं नसेल. झाडाचा पत्ता तेवढा राहिला. आपल्या आडनावात कोणतं गाव, कोणतं झाड, कोणता ओढा लपला आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा, आणि माहेरच्या आडनावाबद्दलही विचारा. ते झाड किंवा तो ओढा अजून जागेवर असेल, तर नातवंडांना एकदा नेऊन दाखवा.